हात आणि पडदा: गायी-म्हशींची सोनोग्राफी शिकताना

पशुवैद्यकीय पदवी घेऊन व्यवसायात रुळलेल्या डॉक्टरला गाभण तपासणी नवी नसते. गुदमार्गे हात घालून गर्भाशय पकडणं, त्याच्या दोन शिंगांचा (फाट्यांचा) फरक ओळखणं, अंडाशय बोटांत घोळवणं हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं. तरीही सोनोग्राफीच्या प्रशिक्षणात पहिले काही दिवस हेच अनुभवी हात अडखळतात, आणि अडखळायला यंत्र कारण नसतं. हाताला जे गोल, लांबट, मऊ लागतं त्याचा पडद्यावर फक्त एक पातळ काप दिसतो. एकच वळलेलं शिंग तीन वेगवेगळी वर्तुळं होऊन समोर येतं. हाताला ठाऊक असलेली वस्तू आणि डोळ्यांसमोरचा काप यांची सांगड घालणं, हाच या शिक्षणाचा बराचसा भाग आहे.

आधी हे शिकायचं कशासाठी ते नीट ठरवून घ्यावं. गोठ्यावर साधारणपणे रेतनानंतर अडीच-तीन महिन्यांनी हाताने तपासणी होते. गाय २१ दिवसांनी उलटली (पुन्हा माजावर आली) आणि मालकाच्या नजरेतून माज सुटला, तर ती रिकामी आहे हे कळेपर्यंत तीन-चार माज वाया गेलेले असतात. म्हशीत मुका (बाहेरून लक्षणं न दाखवणारा) माज जास्त, उन्हाळ्यात तर फारच, त्यामुळे तिथे नुकसान आणखी वाढतं. सोनोग्राफीने गाय २८ ते ३० दिवसांत आणि म्हैस ३० दिवसांपुढे तपासता येते. माझ्या मते या यंत्राची खरी कमाई ‘गाभण आहे’ हे लवकर सांगण्यात नाही. गाभण जनावर महिनाभर उशिरा कळलं म्हणून काही बिघडत नाही. ‘रिकामी आहे’ हे लवकर कळलं की पुढचा माज हातचा जात नाही, चारा-खुराकाचा भाकड खर्च वाचतो.

प्रशिक्षणाची सुरुवात जिवंत जनावरापासून करू नये. पाण्याच्या टबात बुडवलेल्या अवयवांवर करावी. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासून आणि मार्च २०१५ पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीवर बंदी असल्याने कत्तलखान्यातून मिळतात ती म्हशींचीच जननेंद्रियं, आणि शिकायला तीच उत्तम. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घ्यायचं, गर्भाशय व अंडाशय त्यात सोडायचे, बुडबुडे बोटांनी झटकून काढायचे आणि प्रोब (यंत्राचा चित्र घेणारा, हातात धरायचा भाग) पाण्यात धरून अंडाशयावरून हळूहळू न्यायचा. फॉलिकल (बीजाची पाण्याने भरलेली पिशवी) काळं, काठ रेखीव. सीएल (कॉर्पस ल्युटियम, बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारी गाठ) करड्या रंगाचा, बारीक दाणेदार, सीमा असलेला पण फॉलिकलसारखा ठळक नाही. मग तोच अंडाशय बाहेर काढून सुरीने दोन भाग करायचे. पडद्यावर जे सीएल वाटलं ते खरंच आहे का, आत पोकळी आहे का, फॉलिकल दहा मिलिमीटरचं म्हणालो ते पट्टीवर किती भरतं, हे लगेच समोर येतं. पाहणं, अंदाज मोठ्याने सांगणं, कापणं, मोजणं, ही कवायत वीस-पंचवीस अंडाशयांवर केली की डोळा बसतो. म्हशीचा सीएल अंडाशयात खोल रुतलेला आणि लहान असतो, गाईसारखा टोपीसारखा वर येत नाही. त्यामुळे म्हशीत हाताने सीएल चुकण्याचं प्रमाण जास्त का, हे कापलेल्या अंडाशयाकडे पाहून जितकं समजतं तितकं कुठल्याही व्याख्यानातून समजत नाही.

प्रोबबद्दल थोडं. मोठ्या जनावरांसाठी गुदमार्गे वापरायचा लिनिअर प्रोब लागतो, ५ ते ७.५ मेगाहर्ट्झचा. वारंवारता जास्त तर चित्र बारीक पण खोली कमी. अंडाशय आणि लवकरच्या गाभणपणासाठी ७.५, दोन-अडीच महिन्यांपुढे ५. सुरुवातीला खोली ८ ते १० सेंटिमीटरवर ठेवावी. नवखा माणूस जास्त दिसावं म्हणून खोली वाढवतो आणि तीस दिवसांचा गर्भ मुगाच्या दाण्याएवढा करून ठेवतो. गेन (चित्राचा उजळपणा) इतकाच की मूत्राशयातलं मूत्र पूर्ण काळं दिसेल. मूत्रच करडं दिसत असेल तर गेन जास्त आहे, आणि मग गर्भजलही करडं दिसून पायोमेट्राची (गर्भाशयात पू साठल्याची) शंका उगाच येते. प्रत्येक जनावरात आधी मूत्राशय शोधावं ते यासाठीही.

जनावर खोड्यात घेतल्यावर शेपूट एका बाजूला बांधावी. शेण पूर्ण काढावं, अगदी पूर्ण. प्रोब आणि आतड्याच्या भिंतीमध्ये शेणाचा पातळ थर राहिला तरी खाली काळी सावली पडते. वंगण म्हणून कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजची जेली चांगली. साबणाच्या पाण्याने आतडं चुरचुरतं आणि जनावर कुंथतं, तेलाने प्रोबचं रबर खराब होतं. प्रोब तळहातात, बोटांची टोकं प्रोबच्या पुढे. म्हणजे आतड्याच्या भिंतीला आधी बोट लागतं, प्रोबची कड लागत नाही. वायर अंगठ्याजवळून मनगटाकडे जाऊ द्यावी.

हात जास्त वेळ आत राहिला की आतड्यात हवा शिरते, आतडं फुग्यासारखं ताठ होतं आणि पडदा पांढऱ्या आडव्या रेघांनी भरतो. इथे प्रोब जोराने दाबणं हा सर्वांत घातक उपाय. प्रोब बाजूला घ्यावा, आतड्याचं आकुंचन पावलेलं कडं पुढे सापडतं, त्यात बोट अडकवून हलकेच मागे ओढावं. हवा आपोआप बाहेर येते. कुंथणं थांबतच नसेल तर शेपटीच्या मुळाशी पहिल्या दोन मणक्यांच्या मधल्या फटीत २ टक्के लिग्नोकेन ५ मिली पुरतं. प्रौढ जनावराला त्यापेक्षा बरंच जास्त दिलं तर मागचे पाय लुळे पडण्याची भीती. हातमोज्यावर ताजं लाल रक्त दिसलं की तपासणी तिथेच थांबवायची. निदान राहिलं तर राहू द्यावं, पुढच्या आठवड्यात पाहता येतं.

तपासणीचा क्रम ठरवून घ्यावा आणि तो मोडू नये. आम्ही मूत्राशय, सर्व्हिक्स (गर्भाशयाचं मुख), गर्भाशयाचं शरीर, दुभाजन (दोन शिंगं फुटतात ती जागा), मग उजवं शिंग टोकापर्यंत, उजवा अंडाशय, परत दुभाजनावर येऊन डावं शिंग आणि डावा अंडाशय असा ठेवतो. क्रम कोणताही चालेल. पण ‘काळं पाणी दिसलं, गर्भ दिसला, झालं’ म्हणून हात बाहेर काढला की जुळं राहून जातं. होल्स्टिन संकरित गाईत जुळं कळलेलं बरं असतं: विताना अडचण, वार अडकणं यांची तयारी करता येते, आणि एक नर व एक मादी असेल तर ती कालवड बहुतेक वेळा वांझ निघते हे मालकाला आधीच सांगता येतं.

आता पडद्यावर काय दिसतं ते. ३० दिवसांना शिंगाच्या पोकळीत काळं पाणी, त्यात एका कडेला चिकटलेला सुमारे एक सेंटिमीटरचा करडा ठिपका आणि त्यात लुकलुकणारं हृदय. हे लुकलुकणं दिसल्याशिवाय गर्भ जिवंत आहे असं म्हणू नये. हात स्थिर धरून दोन-तीन श्वास थांबावं लागतं, कारण जनावराच्या श्वासानेही सगळं चित्र हलत असतं आणि घाईत त्या हलण्यालाच हृदय समजलं जातं. ३५ दिवसांच्या सुमारास गर्भाभोवती उल्बाचं (गर्भाच्या पाण्याच्या पिशवीचं) पातळ पांढरं कडं स्पष्ट दिसतं, पायांच्या कळ्या दिसू लागतात. ४५ दिवसांना डोकं, धड, पाय ओळखू येतात आणि गर्भाशयाच्या भिंतीवर वारेच्या गाठी उठून दिसतात. ६० दिवसांना गर्भ सहा-सात सेंटिमीटरचा, फासळ्या मोजता येतील इतका. इथपर्यंत यंत्राचं राज्य. तीन महिन्यांनंतर गर्भाशय ओटीपोटाच्या कडेवरून खाली उतरतं, प्रोब तिथवर नीट पोहोचत नाही, आणि हाताने गाठी व गर्भाशयाच्या धमनीची थरथर चटकन लागते. त्या जनावरावर यंत्र लावणं म्हणजे बॅटरी आणि वेळ दोन्ही फुकट.

शिकताना ४५ ते ७० दिवसांची गाभण आणि नक्की रिकामी अशी जनावरं आधी भरपूर पाहावीत. मग ४० आणि ३५ करत खाली यावं. अभ्यासक्रमात पहिल्याच दिवशी २८ दिवसांची गाय दाखवण्याचा सोस असतो, त्याने प्रशिक्षणार्थींचा आत्मविश्वास जातो. आणि दर वेळी आधी नुसत्या हाताने तपासून निदान सांगायचं, मग प्रोब. यात हाताची धारही वाढते. चाळीस दिवसांना शिंगाचा मऊपणा कसा लागतो हे पडद्याने पक्कं केलं की पुढे लाइट नसलेल्या वस्तीवर नुसता हातही बरंच सांगून जातो.

चुका होतात त्या ठरावीक जागी. सर्वांत मोठी म्हणजे ‘काळं पाणी म्हणजे गाभण’. माजावरच्या गाईच्या गर्भाशयातही पाणी असतं. बळस (माजाचा चिकट स्राव) गळत असते, भिंत सुजल्यासारखी जाड असते आणि नवख्याला ते वीस-पंचवीस दिवसांचं गाभणपण वाटतं. अशा वेळी अंडाशयाकडे जावं. गाभण जनावरात सीएल असतोच असतो. सीएल नाही आणि बारा-पंधरा मिलिमीटरचं फॉलिकल आहे, तर ती माजावर आहे, गाभण नाही. सीएल आहे, पाणी आहे, पण गर्भ दिसत नाही आणि पाण्यात पांढरे कण हिमासारखे तरंगतात, भिंत जाड आहे, गाठी नाहीत, तर पायोमेट्रा. सीएल आहे आणि पाणी दिसत नाही, तर बहुधा रिकामी, पण रेतनाची तारीख खात्रीची नसेल तर दहा दिवसांनी पुन्हा पाहण्यात कमीपणा नाही. मूत्राशय गाभण गर्भाशय म्हणून वाचण्याची चूकही होते, विशेषतः वगारीत. त्याची भिंत एकसंध असते, घड्या नसतात आणि प्रोब मागे आणला की ते मूत्रमार्गाकडे निमुळतं होतं.

सीएलमध्ये पोकळी असणं साधी गोष्ट आहे. पण कापावर ती काळी दिसते आणि ‘सिस्ट’ (अंडाशयातली रोगट, पाण्याने भरलेली गाठ) असं लिहिलं जातं, मग नको ती इंजेक्शनं. काळ्या पोकळीभोवती सीएलचं करडं जाड कडं दिसलं की तो पोकळीवाला सीएल. सिस्ट म्हणायला गाईत साधारण २५ मिलिमीटरहून मोठी पोकळी हवी, आणि सोबत दुसरीकडे सीएल नको.

या सगळ्याचा धोका कागदावर नसून सिरिंजमध्ये आहे. सीएल दिसला म्हणून रिकामी समजून प्रोस्टाग्लँडिन (सीएल जिरवून माज आणणारं औषध) टोचलं आणि ती ३० दिवसांची गाभण निघाली तर गर्भ गेलाच. म्हणून टोचण्यापूर्वी दोन्ही शिंगं टोकापर्यंत पाहिल्याशिवाय बाटली उघडायची नाही. उलट बाजूही आहे: पाच दिवसांहून कोवळा सीएल प्रोस्टाग्लँडिनला दाद देत नाही. सीएलची नुसती खूण पाहून टोचलेल्या जनावरांपैकी काही माजावर येत नाहीत ती याचमुळे, औषधाला दोष दिला जातो.

लवकर केलेली प्रत्येक ‘गाभण’ नोंद कच्ची समजावी. ३० दिवसांना हृदय दिसलेले काही गर्भ पुढे ६० दिवसांपर्यंत गळतात. त्यात प्रोबचा दोष नसतो, पण पुन्हा तपासणी ठरवली नसेल तर मालक प्रोबलाच बोल लावतो. गाईचं पोट फिरलं ते यंत्राच्या किरणांनी, ही समजूत गावोगाव आहे. पहिल्याच भेटीत दुसरी तारीख लिहून देणं हा त्यावरचा उपाय. समजावून सांगण्यात फारसा अर्थ नाही.

उन्हात पडदा दिसत नाही ही तक्रार सगळ्यांची. डोळ्यांवर लावायचा चष्मा चांगला, फक्त त्यात जनावराच्या मागच्या पायाकडे लक्ष राहत नाही. लाथ मारणाऱ्या म्हशीच्या मागे चष्मा लावून उभं राहू नये. मनगटावरचा पडदा अशा वेळी बरा. दररोज चाळीस-पन्नास जनावरं पाहणाऱ्यांचे खांदे पाच-सात वर्षांत बोलू लागतात, म्हणून दोन्ही हात शिकवावेत. डाव्याने प्रोब धरायला नव्याने शिकावं लागतं, पण तेवढं कष्ट परवडतं. गोठ्यागणिक हातमोजे आणि प्रोबचं आवरण बदलावं. प्रोब स्पिरिटने पुसू नये, त्याचं तोंड तडकतं. कोमट पाणी आणि यंत्रासोबतच्या पुस्तिकेत मान्य असलेलं सौम्य जंतुनाशक पुरतं. गर्भपात झालेल्या जनावराची तपासणी शेवटी, पूर्ण लांब हातमोजा आणि चेहऱ्यावर आवरण घालूनच. ब्रुसेलोसिस (गर्भपात घडवणारा, जनावराकडून माणसाला लागणारा रोग) डॉक्टरांना होतो, आणि ताप उतरत नाही तेव्हा माणसांच्या डॉक्टरला आपला व्यवसाय सांगायला आपणच विसरतो.

आता कायद्याच्या दोन गोष्टी, कारण प्रशिक्षणात त्या सहसा सांगत नाहीत.

पहिली यंत्राची. गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदानतंत्र कायदा, १९९४ हा माणसांसाठी आहे. गाईच्या पोटात कालवड आहे की गोऱ्हा, हे सांगण्यावर त्याची बंदी नाही. पण यंत्र तेच असतं, आणि यंत्र कोणाला विकलं याची माहिती विक्रेत्याने प्राधिकाऱ्याला द्यायची असते. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी जिल्हा पातळीवर जिल्हा शल्यचिकित्सक, महापालिका हद्दीत आरोग्य अधिकारी अशा समुचित प्राधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा: पशुवैद्यकीय उपयोग, नोंदणी क्रमांक, यंत्राचं मॉडेल, प्रोबचा प्रकार, यंत्र कुठे ठेवणार. ते नोंदणी करा म्हणाले तर करावी, गरज नाही म्हणाले तर तेही लेखी घ्यावं. तोंडी ‘चालतंय हो’ यावर लाखांचं यंत्र घेऊ नये. जुनं, कागद नसलेलं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी नको. बिल, अनुक्रमांकाचा फोटो आणि यंत्र कोणत्या दिवशी कुठे नेलं याची वही गाडीत असावी. मित्राच्या मानवी दवाखान्यात यंत्र ‘दोन दिवस ठेवायला’ देऊ नये, मैत्री कितीही जुनी असो.

दुसरी प्रमाणपत्राची. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० प्रमाणे पशुवैद्यकीय प्रमाणपत्रावर सही करण्याचा आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. व्यवसायात गुंतलेल्या माणसाला ती तारीख लक्षात राहत नाही. विम्याच्या किंवा खरेदी-विक्रीच्या भांडणात वकील पहिला प्रश्न तोच विचारतो की सहीच्या दिवशी नोंदणी चालू होती का. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे वेगळा अधिकार मिळाला असं नाही. पाटीवर ‘सोनोग्राफी तज्ज्ञ’ लिहू नये. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची प्रत मात्र नोंदणीच्या कागदांसोबत ठेवावी, आणि नाव घालण्यापूर्वी हे प्रशिक्षण परिषदेच्या निरंतर शिक्षणात धरलं जातं का, एवढं आयोजकांना विचारून घ्यावं.

गाभणपणाचा दाखला लिहिताना शब्द तोलून वापरावेत. कानातला बारा अंकी टॅग क्रमांक स्वतः वाचून, मालकाने सांगितलेला नव्हे. तपासणीची तारीख आणि वेळ. ‘तपासणीच्या दिवशी सोनोग्राफीनुसार गाभण, गर्भ जिवंत, आकारमानावरून अंदाजे ४५ दिवस.’ रेतनाची तारीख मालकाच्या सांगण्यावरून असेल तर तसं लिहावं. ‘अमुक तारखेला विणार’ असं कधीही लिहू नये. बाजारात घेतलेली गाय दोन महिन्यांनी गाभडली तर हाच कागद पुढे येतो. चित्र यंत्रात साठवावं, त्यात टॅगचे शेवटचे चार अंक टाइप करावेत. बहुतेक यंत्रांत ते करता येतं, फक्त कोणी करत नाही. वहीत रोजच्या नोंदीत टॅग, वेत, रेतनाची तारीख, हाताचं निदान, प्रोबचं निदान, दोन्ही अंडाशयांवर काय दिसलं आणि पुन्हा कधी पाहायचं एवढे रकाने पुरेत. हाताचं आणि प्रोबचं निदान वेगवेगळ्या रकान्यांत असलं की वर्षाअखेरीस आपण कुठे चुकतो ते स्पष्ट दिसतं. बहुतेकांचं ३५ ते ४२ दिवसांच्या पट्ट्यात.

फीचा प्रश्न शेवटी येतो आणि तिथेच बहुतेक जण फसतात. गाय गाभण निघाली की मालक खुशीने देतो. रिकामी निघाली की ‘डॉक्टर, काय बघितलंत मग’ असं ऐकावं लागतं. खरं तर याच तपासणीने त्याचा माज वाचलेला असतो. म्हणून फीचा दर प्रत्येक जनावरामागे ठरवावा, निकालामागे नाही, आणि खोड्यात पहिली गाय घेण्यापूर्वी सांगावा. दूध संघाच्या किंवा मोठ्या गोठ्याच्या ठरलेल्या दिवशी एकाच ठिकाणी पंधरा-वीस जनावरं मिळाली तर दर कमी करता येतो. एका जनावरासाठी तीस किलोमीटर जायचं असेल तर प्रवासखर्च वेगळा घ्यावा. उधारीची वही ठेवली तर पुन्हा तपासणीच्या तारखेलाच मालक गोठ्यावर सापडत नाही.